मुशीच्या तेलाचा वास

या, अशा जवळ सरका. टाळ खाली ठेवले आहेत, देवाला फूल वाहून झालं आहे. आता आख्यान ऐका. हे पुराणातलं नाही, आपल्या शिवडीच्या कोळीवाड्यातलं आहे, अठराशे ब्याण्णवच्या श्रावणातलं. देव यातही आहे... तो कुठे उभा आहे, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

एक सर नुकतीच ओसरली होती. कोळीवाड्याच्या पाटलाची लेक सोनू लालबागेत सुके बोंबील विकून रिकामी पाटी घेऊन बंदरावरून घरी निघाली होती. वाटेत कोळीवाड्यातल्याच धर्माची नवी होडी आडवी आली. धर्मा फळ्यांना मुशी माशाचं उग्र तेल चोळत होता.

"वाट अडवलीस," सोनू म्हणाली.

"होडीनं अडवली. मी कुठं?"

"होडी कुणाची?"

"सध्या माझी. पुढं... दोघांची होईल म्हणतात."

सोनूनं हसू ओठांत दाबलं आणि फळीला बोट लावायला हात पुढे केला.

"नको गो, हात नको लावूस. मुशीचं तेल हाय, पुनवेपर्यंत वास जायचा नाही. तुझा बा विचारील, पोरी, कुणाच्या होडीजवळ गेलेलीस?"

"विचारू दे की," ती म्हणाली खरी — पण हात मागे घेतला.

बाप काही उगाच विचारणारा नव्हता. त्यानंच धर्माला सांगितलं होतं, "नव्या होडीतून पहिली मासळी उतरू दे, मग हळदीचं बघू." नारळी पौर्णिमा आठवड्यावर होती. दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, हा कोळीवाड्याचा नेम. मोडला तर होडी वर्षभर किनाऱ्यावर उपडी; आणि ती ढकलायला जो हात लावील, त्यालाही गावची मासळी धरणं-विकणं वर्षभर बंद.

तेवढ्यात एक बाई धापा टाकत बंदरावर आली. सुभद्रा तिचं नाव. लालबागेच्या चाळीत राहायची, गिरणीत रिळं भरायची, सोनूकडून बोंबील घ्यायची. तिची चोळी पुढून भिजली होती, आणि ती पावसानं नव्हे.

"दादा, पलीकडच्या किनाऱ्याला, न्हावा गावी सोडाल?" ती धर्माला म्हणाली. "दोन महिन्यांचं लेकरू आईपाशी ठेवून कामावर आले हो. आई तापानं पडलीय, सकाळी निरोप आला. लेकरू कुणाचंच दूध घेईना. मचवेवाले म्हणतात, वारा पडल्याशिवाय मचवा सुटायचा नाही."

धर्मानं दर्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग सोनूकडे पाहिलं — आणि नजर तिथंच राहिली.

त्याला काय विचारायचं होतं, ते सोनूला कळलं. तिनं नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी तो थांबला असता, आणि कुणी तिला नावं ठेवली नसती. वर्षभर उराशी धरलेली हळद त्या एका शब्दानं राखली असती. सुभद्रा पदरानं चोळी झाकत होती, आणि पदरही भिजत होता...

सोनूनं पाटी खाली ठेवली. "वल्ही कुठं हायत?"

"सोनू... हळद."

"हळद कुठं पळून जातेय?"

तिनं दोन्ही तळवे तेलकट फळ्यांना लावले आणि खांदा दिला. ओंडक्यांवरून होडी करकरत उतरली, सुभद्रा चढली. पाण्यात शिरताना धर्मा हळूच म्हणाला, "हात धू. कुणाला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच परतला. लेकरू तिकडे सुभद्रेच्या कुशीत होतं. किनाऱ्यावरची मोकळी जागा मात्र साऱ्या गावानं पाहिली होती. देवळापुढे पंच बसले.

"नेम मोडलास?" पाटलानं विचारलं.

"मोडला."

"होडी कुणी ढकलली?"

"मी. एकट्यानं."

म्हातारे हसले. "एवढी होडी एकट्यानं? का त्या ओल्या बाळंतिणीनं ढकलली?"

"एकट्यानं," धर्मा पुन्हा म्हणाला.

बायकांतून सोनू पुढे आली. तिनं राखेनं हात धुऊन पाहिले होते, शिकेकाईनं पाहिले होते. वास गेला नव्हता. आणि तो गेला नाही याचं तिला आता बरंच वाटत होतं. तिनं तळवे बापापुढे धरले.

"बा, हुंगून बघ."

"खोटं बोलतेय ती," धर्मा घाईनं म्हणाला.

"मग वास पण खोटा काय रं?"

पाटलानं हात हुंगले नाहीत. दर्याकडे बघत त्यानं शिक्षा सांगितली. दोघांना, नेमाप्रमाणे. संध्याकाळी सोनूची आई पुन्हा शिकेकाई घेऊन आली, तेव्हा पाटील एवढंच म्हणाला, "राहू दे. जाईल आपला आपण."

धर्मा परळच्या गिरणीत कापसाचे गठ्ठे उचलू लागला. सुभद्रा लेकरू घेऊन परतली होती. तिनं शब्द टाकला आणि सोनूला त्याच गिरणीत आपल्या शेजारी रिळांवर बसवलं. आणि गंमत बघा — आजवर होडीआडून एकमेकांना चोरून बघायची, ती दोघं आता रोज परळहून शिवडीपर्यंत सोबत चालू लागली.

"तुझ्या बानं शिक्षा दिली का बक्षीस?" धर्मा विचारायचा.

"हळू बोल. कळलं तर कमी करंल."

एकदा चालता चालता ती थांबली. "त्या दिवशी मी थांब म्हटलं असतं तर?"

धर्मानं खांद्यावरचा कापूस झटकला. "थांबलो असतो गो. पण मग... तुझ्याकडं असं बघता आलं नसतं."

ती पुन्हा चालू लागली. घर येईपर्यंत तिचा पदर त्याच्या बाहीला लागत राहिला, आणि तिनं तो आवरला नाही.

वर्ष सरलं. पौर्णिमेच्या तोंडावर धर्मा उपडी होडी सुलटी करायला गेला, तर पाटील तिथं आधीच बसला होता. शेजारी तेलाचं मडकं. दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले. "फळ्या सुकल्यात," तो म्हणाला, आणि चोळत राहिला.

नारळ वाहिला. होडी गेली, भरून आली. सुभद्रेचं पोर पहिल्या पाटीतल्या पापलेटाला बोट लावून खुदखुदलं. पाटलानं देवळापुढे सोनूच्या तळहातावर लग्न ठरल्याची साखर ठेवली. तिनं ती तोंडात घातली... आणि गोडाच्या आधी तिला मुशीच्या तेलाचा वास आला. या खेपेला तो बापाच्या बोटांचा होता.

आता उठा, बुक्का लावून घ्या. पण एवढं करा हं — पुढच्या नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडाल, तेव्हा होडीला खांदा देणाऱ्या आमच्या सोनूची एकदा आठवण काढा.