माइकमध्ये कोणी बोलत नाही

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे.

मी औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांचे रक्तदाब ऐकते. भुताखेतांसाठी माझ्याकडे वेळ नाही. पण साइटवरचा तो अभिप्राय मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय, एकदा नाही, कितीतरी वेळा. त्यामुळे आता ज्याला हसायचं त्याने हसावं.

जागा एकिबास्तुझ, कझाकस्तानातलं गाव. पाचव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. जानेवारीतला शुक्रवार, संध्याकाळचे पाच. बाहेर उणे एकतीस, आणि खिडकीच्या काचा आतून गोठलेल्या.

घर माझ्या थोरल्या मावशीचं. बातिमा तिचं नाव, पण आम्ही सगळे तिला आपाच म्हणतो, तिचा मुलगा मेइरामसुद्धा. बाकीचं तिनेच मला सांगितलं, तिच्याच तोंडून ऐकल्यासारखं सांगते.

आपाचा नवरा काब्देश कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं मोठ्या यंत्रावर होता. यंत्राने त्याचे कान खाल्ले. घरी आला की आपा बोलायची आणि तो नुसता बघायचा. कानातलं मशीन त्याने दोन दिवस वापरलं आणि कपबशांच्या कपाटात टाकलं. हळूहळू आपाने बोलणं कमी केलं. भिंतीशी किती बोलणार?

मग एका सप्टेंबरात त्याने होम थिएटरचा रिसीव्हर आणला. स्वस्तातला. पाच स्पीकर, एक काळी पेटी.

"आता सिनेमातले लोक तरी ऐकू येतील," तो म्हणाला.

आले. सिनेमातले सगळे ऐकू आले. आपा तेवढी राहिली.

एक दिवस ती चिडून ओरडली, "त्या पेटीतून बोलले तरच माझं ऐकाल तुम्ही!"

काय आश्चर्य, हे त्याने ऐकलं. आणि मनावर घेतलं.

पेटीला गाणी म्हणायचा माइक लावायची सोय होती. लोक लग्नकार्यात वापरतात. काब्देशने माइकची वायर वाढवून, दाराच्या चौकटीवरून फिरवून, थेट स्वयंपाकघरात नेली. माइक चहाच्या डब्याशेजारी टांगला.

"बोल म्हातारे," तो म्हणाला.

आपाला लाजच वाटली. पण बोलली.

"चहा झालाय. या."

तिचा आवाज बैठकीतल्या मधल्या स्पीकरमधून, भिंतीएवढा मोठा आला. आणि सोफ्यावरून उत्तर आलं, "हं."

अकरा वर्षांनी त्याने तिला पहिल्या हाकेत ओ दिली होती. आपा चुलीपाशी उभ्या उभ्या रडली. त्याला ते कळलं नाही, रडणं तिने माइकपासून लांब केलं.

पुढचे चार महिने घरात बडबड नुसती. भाजी काय, थंडी किती, खालची बाई कुणाशी भांडली. सगळं माइकमधून. शेजारीण म्हणायची, "बातिमा, तुमच्या घरात रेल्वे स्टेशन उघडलंय का?"

सतरा जानेवारीला दुपारी आपा माइकमध्ये म्हणाली, "चहा झालाय. या."

आवाज मोठा गेला.

'हं' आलं नाही.

ती पुन्हा म्हणाली.

तिसऱ्यांदा म्हणाली...

मग तिने चुलीवरचं आधण बंद केलं आणि बैठकीत गेली. तो सोफ्यावर बसलेलाच होता.

आमच्यात माणूस गेला की वर्षभर घरात गाणंबजावणं नसतं. आपाने पेटीवर चादर टाकली आणि माइक खणात ठेवला. दर शुक्रवारी मात्र सात शेल्पेक तळले. ही पातळ पोळी तेलात तळायची, की तेलाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो. तिने एकही शुक्रवार चुकवला नाही.

वर्ष झालं. शनिवारी वर्षाचं जेवण झालं. मेइराम अस्तानाहून आला होता. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "आपा, आता बाबांच्या वस्तू त्यांच्या नावाने देऊन टाकू. आणि तू माझ्याकडे चल. एकटी काय करतेस इथे?"

"कोट आणि टोपी तर दफनाआधी त्यांना अंघोळ घालणाऱ्यांना तेव्हाच दिली."

"पेटी राहिलीय."

"पेटी कोणाला हवी असणार आता? तुम्ही पोरं टीव्हीखाली ती लांबडी पट्टी लावता."

"कोणीतरी घेईल. बाबांनी पेटी घेतली त्या दुकानाच्या साइटवर अभिप्राय लिहून ठेवलाय ना, तो वाचून घेईल."

आपाला हे माहीतच नव्हतं. घरात 'हं'पुढे न जाणारा माणूस साइटवर लिहीत होता. किटली, बूट, थर्मामीटर, जे विकत घेई त्यावर दोन ओळी लिहायचाच.

मेइरामने 'पेटी वडिलांच्या नावाने देणे आहे' अशी जाहिरात टाकली. सोमवारी अक्सू गावाहून एमील नावाचा एक म्हातारा जुन्या गाडीने आला. एकटा राहणारा, बोलायला सभ्य. आपाने पेटीवर हात ठेवून दुवा म्हटली, मृताचं नाव घेतलं आणि पेटी दिली. माइकसकट.

नावाने दिलेली वस्तू परत घ्यायची नसते. हे आपाला तिच्या आईने शिकवलं होतं.

मंगळवारी मेइरामही गेला. महिनाअखेरीस न्यायला येतो म्हणाला.

मग तो शुक्रवार आला.

पाच वाजता आपाने शेल्पेक तळले. चहा ओतला. आणि सवयीने चहाच्या डब्याकडे तोंड करून म्हणाली, "चहा झालाय. या."

तिचा आवाज स्वयंपाकघरातच राहिला. वर्षभर बैठकीत पेटी बंद होती, पण होती. आता तिच्या जागी धुळीचा चौकोन होता. आपा म्हणते, "इतकं एकटं मला दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं."

म्हणून तिने फोनवर ती साइट उघडली. त्याने काय लिहिलंय ते बघावं, एवढंच.

काब्देश, एकिबास्तुझ. खाली लिहिलं होतं:

'फायदे: माइक लावता येतो. लोक गाण्यासाठी वापरतात, मी बायकोसाठी वापरतो. तिचा आवाज चांगला आहे. मी विसरलो होतो.

तोटे: वायर आखूड.'

आपा कितीतरी वेळ पहिल्याच ओळींवर होती. हे तोंडाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. 'किती दिवस वापरताय?'

'एक वर्षापेक्षा जास्त.'

पेटी आणल्यावर चार महिन्यांत तो गेला होता...

आपाने पान आणखी खाली सरकवलं. 'वायर आखूड'च्या खाली अजून ओळी होत्या.

'जानेवारीपासून माइकमध्ये कोणी बोलत नाही. शुक्रवारी तेलाचा वास येतो. चांगला येतो.

सोमवारपासून वासही येत नाही.

हे घर दुसरं आहे. भिंतीवर लंबकाचं घड्याळ आहे. इथला माणूस बोलतच नाही. एकटं वाटतं.'

तिने मला फोन केला. मी माझ्या फोनवर पान उघडलं. तेच. अक्षर न् अक्षर तेच.

"कोणीतरी वात्रटपणा करतंय आपा," मी म्हणाले. "काकांचा पासवर्ड कोणाला तरी मिळाला असेल."

"मी शुक्रवारी तळते हे त्या कोणाला कसं माहीत?"

"सगळेच तळतात."

"आणि ते घड्याळ?"

तिने फोन ठेवला आणि मेइरामने लिहून ठेवलेल्या चिठ्ठीवरचा एमीलच्या घरचा नंबर फिरवला.

"एमील फ्योदोरोविच, पेटी चालते का?"

"चालते... बातिमा आपा, तुम्ही हसाल."

"माझे हसायचे दिवस गेले. बोला."

"मघाशी पाच वाजता ती आपोआप सुरू झाली. माइकचा दिवा लागला. मी अजून तिची वायर भिंतीत घातलेलीच नाही."

फोनमध्ये टिकटिक ऐकू येत होती.

"तुमच्याकडे लंबकाचं घड्याळ आहे?"

"आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माइक लावा," ती म्हणाली, "आणि हा फोन त्याच्यासमोर धरा. मी सांगेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलू नका."

खुडबुड झाली आणि थांबली.

आपाने घसा साफ केला.

"चहा झालाय. या."

शंभरेक किलोमीटरवरच्या परक्या घरात तिचा आवाज मोठा होऊन घुमला, आणि फोनमधून तिला परत ऐकू आला.

टिकटिक...

टिकटिक...

"हं."

मग एमीलचा बारीक आवाज आला. "आपा, मी तोंड उघडलेलं नाही."

"मला माहीत आहे," आपा म्हणाली. "तुमचा आवाज वेगळा आहे."

एमील भला माणूस. म्हणाला, "उद्या गाडीत टाकून परत आणून देऊ का?"

तिला 'आणा' म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. मला सांगताना ती इथे नेहमी थांबते.

"नको," ती म्हणाली. "दुवा म्हणून दिलीय. परत घेणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणं. पण दर शुक्रवारी पाचला मी फोन करीन. चालेल?"

"चालेल. मला तरी दुसरं कोण फोन करतंय?"

मेइराम न्यायला आला तसा एकटाच परत गेला. 'पाच वाजता मला काम असतं,' एवढंच तिने त्याला सांगितलं.

फेब्रुवारीभर हे चाललं. एमील 'चालू' म्हणायचा, आपा हाक द्यायची, 'हं' यायचं. मग ती थोडं इकडचं तिकडचं सांगायची. तिने एमीलला शेल्पेक तळायलाही शिकवलं, फोनवरूनच. "कढईत वाफ नाही, धूर दिसतोय," तो म्हणायचा. "मग गॅस बारीक करा की!"

त्या शुक्रवारी अभिप्रायात नवी ओळ आली. 'तोटे: पोळ्या करपतात.'

आपा वर्षभराने हसली. हसता हसता तिला रडू आलं.

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी तिने पाचला फोन लावला.

घंटी वाजत राहिली. दहा, बारा, पंधरा...

उचलला.

"एमील फ्योदोरोविच?"

कोणी 'चालू' म्हणालं नाही. टिकटिकही नव्हती. घड्याळ थांबलं असेल, तिला वाटलं.

"चहा झालाय. या."

या वेळी तिचा आवाज घुमून परत आला नाही. नुसता गेला.

"हं."

अगदी कानाशी. पेटीतून नाही. जो फोन धरून होता, त्याच्याच तोंडून.

आणि फोन हळूच ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमीलने मोबाइलवरून फोन केला. आवाज खोल गेलेला.

"आपा, माफ करा. छातीत दुखलं म्हणून मुलगी मला मंगळवारीच ओम्स्कला घेऊन आली. आता इथेच ठेवणार म्हणते. काल तुमचा फोन उगाच वाजला असेल. घराला कुलूप आहे. वीज बंद केलीय, घड्याळ थांबवलंय, पेटी वायर गुंडाळून कपाटात ठेवलीय."

"बरं," आपा म्हणाली. "औषधं वेळेवर घ्या."

कोणी उचललं होतं, ते तिने त्याला सांगितलं नाही. आजारी माणसाला काय सांगायचं?

त्यानंतर तीन शुक्रवार घंटी वाजली. कोणी उचलला नाही. एप्रिलमध्ये एमीलच्या मुलीने तो फोनच बंद केला. आता नंबर फिरवला की एक बाई सांगते, हा क्रमांक वापरात नाही.

मेइराम अजून म्हणतो, आपा, अस्तानाला चल. आपा म्हणते, "त्यांना फोन उचलता येतो, तर लावताही येईल. मी इथे नसले तर?"

शुक्रवारी पाचला ती शेल्पेक तळते, दोन वाट्यांत चहा ओतते, 'चहा झालाय. या.' म्हणते आणि फोनशेजारी बसते. मी कधी कधी जाते सोबतीला. फोन वाजत नाही. खिडकीबाहेर खाणीकडचं आकाश काळं होत जातं. दुसऱ्या वाटीतला चहा गार झाला की ती उठते.

आपाला आता बारीक अक्षरं दिसत नाहीत. म्हणून तो अभिप्राय मीच वाचून दाखवते. त्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. साइटवाल्यांना लिहिलं, त्यांनी कळवलं की काब्देश गेला त्या जानेवारीपासून या खात्यात कोणी आलेलंच नाही.

गेल्या शुक्रवारी मी पान उघडलं. फायदे तेच होते. तोट्यांत नवीन ओळ होती.

'ती हाक मारते. मी लगेच हं म्हणतो. आता तिला ऐकू येत नाही.'

आपा माझ्याकडे बघत होती.

"काय लिहिलंय आज?"

मी फोन पालथा ठेवला.

"काही नाही," मी म्हणाले. "वायर आखूड आहे म्हणतात."