नकाशातली जादा खोली

रविवारी दुपारी जेवणं उरकली की ताई टेबल पुसायची आणि आपल्या बाजूला पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायची. आडोशामागे तिचं राज्य होतं. तिथे फासे, चिठ्ठ्या, राक्षसांचे तक्ते आणि गोष्टीतल्या तळघराचा खरा नकाशा असायचा. खेळ तसा सोपा. ताई गोष्ट सांगणार, बाकीचे तिघं त्या गोष्टीत आपापलं पात्र चालवणार, आणि कुणाचं जमलं, कुणाचं फसलं ते फासे ठरवणार. शेजारची दातांची डॉक्टर त्यात चोर होती, बस चालवणारे काका जादूगार होते (गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःचीच दाढी पेटवून घेतली होती), आणि ताईचा धाकटा भाऊ नकाशा काढायचा. ताई सांगेल तेवढं ऐकून चौकटीच्या कागदावर तळघर उतरवायचं, हे त्याचं काम. एक चौकट म्हणजे पाच फूट. ताईचा कागद त्याला कधीच दिसायचा नाही.

ताई जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. खेळ संपला की भावाचा कागद आपल्या कागदावर ठेवायचा, दोन्ही खिडकीच्या काचेवर धरायचे आणि हा कुठे कुठे घसरला ते पाहून गालातल्या गालात हसायचं, ही तिची आठवड्याची चैन. ऐकून काढलेला नकाशा चुकणारच. डाव्याचं उजवं होतं, वीस फुटांचे पंधरा होतात.

पण खेळ चालू ठेवण्याचं खरं कारण वेगळं होतं. बाबा गेल्यापासून धाकटा फक्त या खेळासाठी घरी यायचा. शेवटच्या वेळी आपण जवळ नव्हतो, हे त्याला आतून खात होतं. सगळं अचानक झालं, असं ताईने त्याला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. बाबा आदल्या दुपारीच म्हणाले होते, धाकट्याला बोलावून घे. ताई तेव्हा कसल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून त्याच्यावर रुसलेली होती. तिने फोन केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. पाच महिने ती हे एकटीच पोटात घेऊन वावरत होती. त्याला कळलं तर तो कायमचा तुटेल, या भीतीने तिला घास गोड लागत नव्हता.

आणि मग एका रविवारी काचेवर ती खोली दिसली.

उत्तरेकडची वाट जिथे संपते, तिथे ताईच्या कागदावर नुसता खडक होता. भावाच्या कागदावर मात्र तीन चौकटी रुंद, चार चौकटी लांब अशी खोली. कोपऱ्यात पलंग, आणि खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची. मापं ताईच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. ती बाबांची खोली होती. ताईने लगेच फोन लावला.

"ही उत्तरेची खोली कुठून आणलीस रे?"

"म्हणजे? तूच सांगितलीस की. तळघरात खिडकी कशी काय म्हणून काका हसलेसुद्धा."

तिने डॉक्टरला विचारलं. "अगं, काय आवाज खाली आणला होतास तू! माझ्या अंगावर काटा आला," डॉक्टर म्हणाली.

ताई हिशोबी बाई. पुढच्या रविवारी तिने सगळं आधी लिहून काढलं, शब्दाला शब्द वाचून दाखवलं आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. वाट संपते म्हणाली, आणि तिच्या आठवणीप्रमाणे सगळे मुकाट मागे फिरले. संध्याकाळी तिने ते ऐकलं. 'इथे वाट संपते.' त्यानंतर नुसता पंखा आणि भावाची पेन्सिल. मग काकांचा आवाज, "पाठमोरा बसलाय? म्हातारा आहे का?" पुन्हा पंखा. मग डॉक्टर, अगदी हळू, "अरे देवा."

यातलं काहीच ताईने टेबलावर ऐकलं नव्हतं.

ती त्या आठवड्यात कचेरीत दोनदा चुकली. शेवटी तिने ठरवलं, ती वाटच बुजवून टाकायची. खेळ चालवणाऱ्याचा शब्द शेवटचा, हा नियम. रविवारी तिने बसताक्षणीच सांगून टाकलं, "उत्तरेचं छत कोसळलं. वाट बंद."

धाकट्याने मान वर केली नाही. "मी आत जातो," तो म्हणाला.

"आत कुठे? ढिगारा आहे तिथे."

तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होते, ती बोलत असताना बघायचे तसेच.

ताईने तोंडावर हात दाबला. दोन्ही हात दाबले.

ते ऐकतच राहिले.

"कधी?" धाकट्याने विचारलं. थोड्या वेळाने म्हणाला, "आदल्या दुपारी?"

डॉक्टरने नजर खाली वळवली. काका हातातला फासा उगाच पुसत बसले.

धाकट्याने पेन्सिल ठेवली. त्याचे डोळे भरले होते. "ताई, तू मला त्याच दिवशी फोन का नाही केलास?"

ताईने हात खाली घेतले. "रुसले होते रे," ती म्हणाली. "उद्या केला तरी चालेल असं वाटलं. चुकले मी. फार चुकले."

त्याने कागदावरच्या त्या खुर्चीवरून बोट फिरवलं.

"बाबा म्हणाले, तिच्यावर रागावू नकोस," तो शेवटी म्हणाला. "नाही रागावलो."

ताई हमसून हमसून रडली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला. हे कसं झालं, कुणी सांगितलं, याचा विचार करायचंसुद्धा तिला भान नव्हतं. धाकटा उठून जवळ आला. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पात्राची माहिती लिहायचा एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

"यावर तुझं नाव लिही. पुढच्या रविवारी तूही आमच्याबरोबर आत ये. बाबा तुझी वाट बघतायत."

"वेडा आहेस का? मी खेळायला बसले तर खेळ कोण चालवणार?"

"ते चालवतो म्हणालेत."

डॉक्टरने मान डोलावली. तिने ताईपुढचा आडोसा अलगद उचलला आणि टेबलाच्या रिकाम्या बाजूला नेऊन ठेवला. काकांनी तिथे एक खुर्ची ओढली.