चार नंबरच्या दालनातलं वाडगं

भाऊजींना त्या प्रदर्शनातून संचालकाची खुर्ची मिळणार होती. वर 'मूळ रहिवाशांना सोबत घेऊन काम करणारा माणूस' असं नाव, तेही फुकटात.

हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, पण रचून सांगते असं म्हणू नका.

भाऊजी संग्रहालयात दालनांची मांडणी करतात. मी तिथे पाट्यांचा मजकूर लिहायचे, म्हणून प्रत्येक बैठकीला हजर. डोंगरातल्या मूळ रहिवाशांचं एक घर चार नंबरच्या दालनात उभं करायचं होतं. चूल, अंथरूण, चुलीपुढे लाकडी वाडगं. सगळं त्यांच्याच वस्तीतून आणलेलं.

वस्तीतर्फे एक वयस्कर बाई यायची. सगळे तिला थोरली म्हणायचे. तिची अट एकच होती.

"वाडगं रिकामं ठेवा. त्यात खोटं अन्न ठेवू नका. खाणारा येऊन बसेल."

"कोण खाणारा?" भाऊजींनी विचारलं.

"भुकेला असेल तो. आमचाच असेल असं नाही."

भाऊजींनी मान डोलावली. गोड हसले. तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मी दालनात पाट्या लावत होते.

वाडगं शिगोशीग भरलेलं...

रेझिनचे खोटे दाणे. रंगवलेले, ओलसर चमकणारे. आत्ताच वाढल्यासारखे.

"भाऊजी, थोरलीला काय कबूल केलं होतंत?"

"मेहुणीबाई, रिकामं वाडगं फोटोत मेलेलं दिसतं. आणि काचेतून खरं-खोटं कुणाला कळतंय?"

तेवढ्यात वास आला...

मेलेल्या उंदराचा वाटला आधी. पण तो त्याहून ओला होता. आंबलेलं खाऊन कुणीतरी अगदी तोंडाजवळ येऊन श्वास सोडावा, तसा.

काच बंद होती. कुलूप होतं.

आणि दाण्यांत एक खळगा पडला होता... तीन बोटांनी घास उचलावा तसा.

रेझिन वाळलं की दगड होतं. त्यात बोट जात नाही. खळग्याच्या कडेला लाळेची तार लोंबत होती.

"कारागिराचा धसमुसळेपणा," भाऊजी म्हणाले आणि दिवा थोडा मंद केला.

उद्घाटन झालं. टाळ्या पडल्या. थोरलीने काचेतून एकदा वाडगं पाहिलं आणि तशीच निघून गेली.

दोन दिवसांनी वाडगं रिकामं...

चाटूनपुसून. कुलूप तसंच.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. "हे जेवत नाहीयेत गं. थुंकतायत सगळं."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. भाऊजी गरम जेवण चावत होते.

करकर... करकर...

मग ओकारी आली. ताटात पडले ते रंगवलेले दाणे. पिवळ्या लाळेत लडबडलेले, पण एकही फुटलेला नाही. वास तोच. मी नाक दाबून बाहेर पळाले.

डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. भाऊजींचे गाल बसले, गळ्याची हाडं वर आली. ताई रोज ताजं रांधायची आणि रोज फेकायची. माणूस जगतोय की नाही, अशी वेळ आली.

मग एका दुपारी त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. अगदी लाडाने.

"मेहुणीबाई, एक घास खाऊन बघा. तुमच्या बहिणीचा हात बिघडलाय की माझी जीभ?"

माझी दाढ ठणकत होती. नको म्हटलं.

ते हसले. पण ताट मागे घेईनात. माझ्या तोंडाकडेच बघत राहिले...

पुढच्या आठवड्यात गेले तर भाऊजी दुसऱ्यांदा वाढून घेत होते. बोटं चाटत होते.

"मी चाखलं त्यांच्या ताटातलं," ताई म्हणाली. "फारच मागे लागले होते. तेव्हापासून चव आली बघ यांना. देवच पाव..."

ती मध्येच थांबली.

तळहातावर काहीतरी थुंकली. आणि मूठ घट्ट मिटली.

मी तडक वस्ती गाठली. थोरलीने मला घरात घेतलं नाही, दारातच बोलली.

"तुमचे भाऊजी आले होते की. मी सांगितलं, तो तुमच्या ताटावर बसलाय. तुमचं तुम्ही खा, ओका, पण ताट दुसऱ्याला देऊ नका. कंटाळला की उठेल."

"आणि दिलं तर?"

"ते त्यांनीही विचारलं होतं," ती म्हणाली.

तो कोण होता, मला आजही माहीत नाही. ताईच्या ताटावरून उठेल का, हे थोरलीलाही सांगता आलं नाही. मी नोकरी सोडली. ताईकडे जाते, पण तिथे पाण्याचा घोटही घेत नाही. भाऊजी समोर बसून मचमच खातात, तेव्हा मला त्या दाण्यांपेक्षा त्यांची जास्त किळस येते.

खुर्ची त्यांना मिळाली. पोटही सुटलंय. वस्तीने सामान परत मागितलं, ते अजून काचेतच आहे.

आणि दोन्ही वेळचं ओकणं आलं ताईच्या वाट्याला. तिने ते वाडगं कधी पाहिलंसुद्धा नाही.