हमिंग येतंय का अजून?

"अहो, तुमचा तो भुंगा जरा गप्प कराल का?"

ती वाकून स्क्रू पिळत होती. मान वर न करताच म्हणाली, "भुंगा नाही तो. अँप्लिफायर आहे. मी स्वतः बनवलेला."

"असेल. पण मला पियानो लावायचाय, आणि तुमचा अँप्लिफायर माझ्या कानात ठाण मांडून बसलाय."

तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. हॉलच्या पलीकडच्या कोपऱ्यात, उघड्या पियानोपाशी एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. बाह्या दुमडलेल्या, हातात तारा पिळायची किल्ली, आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा. तिला हसूच आलं.

पियानोचे सूर जुळवणं हा त्याचा व्यवसाय. तिच्या आत्याने त्याला बोलावलं होतं. आत्याच्या नृत्यवर्गाचा कार्यक्रम रविवारी होता, आणि आज बुधवार. तिची ही भाची ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला होती. घरात सगळे तिला 'खटपटी' म्हणत. तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, "आत्या, भाड्याची साउंड सिस्टीम रद्द कर. माझा अँप्लिफायर आहे ना!" आत्याने खरंच रद्द केली. आणि आता गाण्याआधी, गाण्यात, गाण्यानंतर सगळीकडे एकच आवाज... घूंऽऽऽ.

"एक नाहीये तो आवाज. दोन आहेत," तो म्हणाला.

"दोन?"

"एक खालचा. आणि त्याच्या बरोबर एक सप्तक वर दुसरा. ऐकू नाही येत?"

तिला नव्हतं येत. पण डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खालचा विजेच्या पन्नास हर्ट्झचा, वरचा दुप्पट, शंभरचा... दुखणी दोन होती, आणि ती तीन दिवस एकच औषध पाजत होती! तिने गाणी वाजवणाऱ्या प्लेअरची वायर अँप्लिफायरमधून उपटली. "आता?"

"खालचा गेला. वरचा आहे."

"म्हणजे वरचा माझ्याच डब्यातला, आणि खालचा बाहेरून येतोय!" ती ताडकन उठली. "अहो, तुमचे कान मला रविवारपर्यंत उसने द्या."

"कान एकटे येत नाहीत," तो गंभीरपणे म्हणाला, "त्यांच्याबरोबर माणूस येतो."

"चालेल. माणसाला खुर्ची देऊ."

त्या संध्याकाळी तिने डबा उघडला. तो शेजारी टॉर्च धरून. चूक तिची तिलाच सापडली. पॉवर सप्लायचा करंट ज्या वायरीतून धक्के मारत जात होता, तिच्यावरच तिने गाण्याची नाजूक अर्थ-वायर झाळून ठेवली होती. तिने ती सोडवली, चार बोटं पलीकडे नेली आणि सगळ्या अर्थ-वायरी एका नटावर आणल्या.

"वरचा गेला," तो म्हणाला. आणि टॉर्च जरा जास्तच वेळ तिच्या चेहऱ्याकडे राहिला.

"डबा खाली आहे," ती म्हणाली.

गुरुवारी खालच्याची पाळी. हॉलचे व्यवस्थापक येऊन सल्ला देऊन गेले, "प्लगची मोठी पिन काढून टाका, लगेच थांबतं."

"थांबतं ना," ती म्हणाली. "मग कधी डब्यात करंट उतरला, की हात लावणाराही थांबतो. माझ्या मशीनची अर्थिंग कुणी तोडायची नाही."

प्लेअरचा प्लग एका भिंतीत होता, अँप्लिफायरचा समोरच्या. दोन्हींची अर्थिंग निराळी, आणि मधल्या वायरीतून त्या दोन अर्थिंगचा फेरा पुरा होऊन खालचा सूर आत शिरत होता. तिने दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले. स्पीकर गप्प झाला.

"गेलं?" तिने विचारलं.

त्याने एकदा तिच्याकडे, एकदा डब्याकडे पाहिलं. "हं... हलकंसं आहे अजून."

शुक्रवारी तिने सगळे जोड उकलून पुन्हा झाळले. "हलकंसं आहे." शनिवारी कारखान्यात रजा टाकली. मीटर शून्य दाखवत होता, पण त्याचा कान नाही म्हणत होता, आणि तिने मीटरपेक्षा कानावर विश्वास ठेवला होता.

दुपारी तिने त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. खटका दाबला, थोडी थांबली.

"येतंय?"

"येतंय... अगदी हलकंसं."

"वळा."

तो वळला. अँप्लिफायरचा प्लग तिच्या हातात लोंबत होता.

"खोटं बोललास?" तिचा आवाज चढला. "दोन दिवस मी वेड्यासारखी मशीन उकलतेय!"

त्याचे कान लालभडक झाले. "हमिंग गेलं की तुम्ही डबा उचलून निघून जाल, असं वाटलं. माझा पियानो तर परवाच झालाय. कानाच्या बाबतीत आजवर कुणाशी खोटं बोललो नव्हतो... आणि नेमकं तुमच्याशी बोललो. चुकलं माझं."

तिने प्लग खाली टाकला. हत्यारं गोळा केली आणि निघून गेली.

रविवारी हॉल भरला. पडदा उघडायला दहा मिनिटं होती. तिने मशीन सुरू केलं. प्रेक्षकांच्या कुजबुजीत तिला तरी घूं ऐकू आली नाही. आत्या तर हरखून गेली, "बाई, नुसती दृष्ट लागेल!"

तेवढ्यात तो विंगेत आला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "येतंय."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"नाही म्हणालो असतो तर सगळे खूश राहिले असते. पण खालचा सूर आहे. माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही तुम्हाला, तरी एकदा बघा."

ती वाकली. बोर्डात प्लेअरच्या जागी कुणीतरी रंगीत दिव्यांचा प्लग खुपसला होता, आणि प्लेअरची वायर पुन्हा पलीकडच्या भिंतीत! तिने प्लेअरचा प्लग परत बोर्डात लावला.

"गेलं," तो म्हणाला. आणि जायला निघाला.

"थांबा."

पहिलं नृत्य सुरू झालं. दोघं अंधारात, शेजारी शेजारी.

"काल तुम्ही मला तू म्हणालात," तो हळूच म्हणाला.

"रागात होते."

"मग आज..."

"आज राग नाही." ती पुढे बघतच म्हणाली, "तरी तूच. उद्या संध्याकाळी घरी ये. बाबांना भेटवायचंय."

"कोण म्हणून सांगणार? पियानोवाला?"

"मला आवडलेला माणूस म्हणून. चालेल ना?"

तो तिच्याकडे वळला. मग त्याचे ओठ हलले, पण नेमक्या त्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला. तो काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. तिने विचारलंही नाही. त्याचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने पुढचं गाणं लावलं.