खिडकीतलं न मावळणारं ऊन

हार परवा रात्री गेला. आईच्या उशाशी असलेली डबी रिकामी, दाराचं कुलूप शाबूत. जादा किल्ली कुंडीखाली, लहानपणापासूनच्या जागी. घरात अंथरुणाला खिळलेली आई आणि तिला सांभाळणाऱ्या मावशी, दोघीच. शेजारी राहणाऱ्या थोरल्या मुलाने मावशींची पिशवी जमिनीवर उपडी केली. हार निघाला नाही, तरी तक्रार त्यांच्याच नावावर गेली.

फौजदार जिना चढून आले आणि मिळेल त्या खुर्चीत बसले. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. गुडघे आधीच निवृत्त झाले होते.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "चोर म्हणून इथून गेले, तर आपली आई माझ्या हाती कोण देईल?"

फौजदारांनी आतल्या खोलीत जाऊन आईला विचारलं. ती हसली. "धाकटा आला होता. पाणी पाजलं त्याने."

ती आठ वर्षं रोज हेच म्हणते, असं थोरल्याने सांगितलं. धाकटा तेव्हापासून परदेशात असतो, काल रात्री विमानाने उतरला आणि आज पहाटे घरी आला.

धाकटा कोपऱ्यात बसला होता, डोळे तांबारलेले. आपली लेकही त्याच शहरात असते, असं सांगून फौजदारांनी विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"विचारू नका. सकाळी निघालो. उतरेपर्यंत नुसतं ऊन. सूर्य खिडकीत ठाण मांडून बसलेला, मावळेचना."

"जातानाही असंच?"

"अंतर तेच, साहेब. जाताना काय नि येताना काय."

फौजदारांनी सुस्कारा सोडला. विमानतळावर फोन लावला, थांबले, ऐकलं, फोन खिशात ठेवला.

"अंतर तेच," ते म्हणाले, "पण वाट उलटी. जाताना विमान पश्चिमेला पळतं, सूर्याच्या मागोमाग. म्हणून तो मावळत नाही. माझी लेक जाते तेव्हा इथे माझी रात्र होते, तरी तिच्या खिडकीत ऊन असतं. येताना विमान रात्रीला सामोरं धावतं. सकाळी निघालेल्याचा दिवस अर्ध्या वाटेतच विझतो. तुम्ही सांगितलंत ते ऊन आठ वर्षांपूर्वीचं, जातानाचं. या खेपेला तुम्ही दिवसा उडालाच नाहीत. रात्रीच्या विमानाने निघून परवा सकाळी उतरलात. विमानतळावर नोंद आहे. आणि कुंडीखाली हात घालायला घरचाच माणूस लागतो."

धाकट्याने बॅगेच्या अस्तरातून हार काढून ठेवला.

"तिथली नोकरी गेली," तो म्हणाला. "रित्या हाताने दादासमोर काय उभा राहणार? डबी उघडताना आई जागी झाली. पाणी मागितलं तिने."

थोरला खाली वाकला आणि मावशींचा कंगवा, चष्मा, एकेक वस्तू पिशवीत भरू लागला.

आतून पुन्हा आईचं तेच ऐकू आलं, "धाकटा आला होता." मावशी आत गेल्या. त्यांनी चादर सारखी केली.

"हो आई," त्या म्हणाल्या. "खरंच आला होता."