या जेवायला

बहरीनमध्ये रेल्वे नाही. अख्खा देश पालथा घातला तरी रुळाचा तुकडा सापडायचा नाही. तरीही पुण्याची इंजिनियर कस्तुरी अदलियातल्या एका बंगलीवजा ऑफिसात बसून दिवसभर रेल्वेचं फाटकच बघत असे. पोटासाठी माणूस काय काय बघतो!

इंग्लंडमधल्या एका गावात रूळ भर बाजारपेठेला आडवे गेले होते. फाटकाच्या अलीकडे बेकरी, पलीकडे औषधांचं दुकान. गाडी यायची झाली की घंटा वाजू लागायची, फाटक पडायचं आणि बाजाराचे दोन तुकडे व्हायचे. तिथल्या कॅमेऱ्याचं तीन आठवड्यांपूर्वीचं, बिनआवाजाचं रेकॉर्डिंग कस्तुरीकडे आलं होतं. किती लोक चालत रूळ ओलांडतात आणि किती दीडशहाणे फाटकाखालून वाकून पळतात, ते तिनं बघून कळवायचं. फाटक ठेवायचं की रस्ताच कायमचा बंद करायचा, हे त्यावरून ठरणार होतं.

फाटकापाशी सगळेच कपाळाला आठ्या घालून उभे असत. त्यात एक म्हातारी होती. बाकीचे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, आणि ही मात्र जाड राखाडी कोटात. फाटक उघडलं की लोक पुढे जात; ही बेकरीपाशी तशीच उभी. माणसं तिला वळसा घालून जात, पण तिच्याकडे बघत नसत. जेवायला बोलावून दारातूनच परत पाठवलं असावं, असा तिचा चेहरा होता.

एका दुपारी कस्तुरीनं टेबलावरच डबा उघडला. भेंडीची भाजी, पोळी. पहिला घास तोंडाशी नेला आणि म्हातारीनं मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"या जेवायला," कस्तुरी म्हणून गेली.

आपल्याकडे हे म्हणायचंच असतं. जेवताना कुणाची नजर पडली की आपसूक तोंडातून निघतं. समोरचाही 'चालू द्या' म्हणतो आणि वाटेला लागतो. खरोखर कोणी ताटावर येऊन बसत नाही. कस्तुरीला स्वतःचंच हसू आलं.

म्हातारीनं होकाराची मान हलवली. फाटक उघडलं तशी ती पहिल्यांदाच चालू लागली, रुळांवर आली आणि पलीकडे पोचलीच नाही; मधेच दिसेनाशी झाली.

कस्तुरीनं तेवढा भाग पुन्हा पुन्हा लावून पाहिला. कॅमेऱ्यातच काहीतरी बिघाड असणार, असं म्हणून तिनं विषय संपवला. डबा मात्र तिनं तसाच बंद केला.

शुक्रवारी संध्याकाळी ती आर्याला घेऊन बाब अल बहरीनच्या बाजारात गेली. आर्या तिची सहा वर्षांची लेक. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. ओळखीच्या कापडवाल्या यासीनच्या दुकानातून पोपटी ब्लाउजपीस घेऊन दोघी गल्लीत उतरल्या, आणि गर्दी थांबली.

कुणी अडवलं नव्हतं. पुढे माणसं ओळीनं उभी, मागेही माणसं ओळीनं उभी, आणि मधल्या रिकाम्या जागेत या दोघीच. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर रोखलेल्या, आणि एकाही नजरेत माया नव्हती. कुठंतरी घंटा वाजत होती.

"मॅडम, हटो वहाँ से! यल्ला!" यासीन दुकानातून ओरडला.

तिनं आर्याला हिसका देऊन बाजूला ओढलं. आर्याचा पिवळा फ्रॉक शटरच्या कडेत अडकून टर्रकन फाटला. ऑगस्टच्या त्या उकाड्यात, ओल्या लोकरीच्या वासाचा गारढोण वारा त्यांच्या अंगाला घासून गेला. मग गर्दी पुन्हा चालू लागली.

"क्या था वो, यासीनभाई?"

"क्या, मॅडम? मफी, कुछ नहीं," यासीन म्हणाला. पण त्यानंतर तो काही तिच्याकडे बघेना.

आर्यानं आईच्या ओढणीत तोंड लपवलं. "आई, दॅट आजी इज सो अँग्री. शी सेज यू कॉल्ड हर."

"कोण आजी?"

"द वन इन द कोट."

कस्तुरी घाबरली. बुसैतीनला घरी पोचल्यावर तिनं फ्रॉकच्या घेराला पोपटी कापडाची रुंद पट्टी जोडली. हाताला काम दिलं की मन गप्प बसतं म्हणतात. तिचं बसलं नाही. नवऱ्याला, सुयशला, सांगणार तरी काय? डोक्यावर परिणाम झालाय म्हणाला असता. ती बोलली नाही, आणि तिथंच चुकलं.

शनिवारी सुट्टी असूनही ती भर दुपारी एकटीच ऑफिसात गेली. बोलावणं मागे घ्यायचं होतं. पाहुण्याला 'येऊ नका' म्हणायला आपली जीभ रेटत नाही. पण लेकीसाठी तीही पायरी सोडायला ती तयार होती.

तिनं रेकॉर्डिंग लावलं. बेकरीपाशी कोणी नव्हतं. पुढच्या दिवशीचं लावलं. तिथंही नव्हतं. अगदी शेवटच्या दिवशी, फाटक बंद असताना, म्हातारी दिसली. या खेपेला ती औषधांच्या दुकानाकडच्या बाजूला होती, परतीच्या वाटेवर. कॅमेऱ्याकडे पाठ.

"येऊ नका," कस्तुरी म्हणाली. "माझं चुकलं. पाया पडते, येऊ नका."

म्हातारी वळली नाही. तिनं एका लहान मुलीचा हात धरला होता.

मुलीच्या अंगात पिवळा फ्रॉक होता. घेराला पोपटी पट्टी.

रेकॉर्डिंग तीन आठवड्यांपूर्वीचं. पट्टी कालची.

कस्तुरीनं घरी फोन लावला.

"सुयश, आर्या कुठंय?"

"आत्ताच जेवली. तो फ्रॉक काही काढायला तयार नाही बघ."

"दार लाव. कोणी आलं तर..."

"आल्या होत्या की! कोटातल्या आजी. कस्तुरीनं जेवायला बोलावलंय म्हणाल्या. आधी सांगायचंस तरी! वरण-भात वाढला. जेवल्या, पण पुढं एक अक्षर बोलल्या नाहीत. खडूसच आहेत."

"आर्याला फोन दे. आत्ता दे!"

"अगं, देतो. येईलच एवढ्यात. आजींना जिन्यापर्यंत सोडायला गेलीय."

त्याच्या आवाजामागे घंटा वाजत होती. ती थांबली.

पडद्यावरचं फाटक वर जाऊ लागलं.