काठावरचे दोन राजे

माझी आणि कासवाची पहिली भेट क्लबच्या जिन्यात झाली, आणि पहिल्याच भेटीत मी त्याच्या बटणावर पाय दिला.

तो पायऱ्यांवर ओणवा होऊन काहीतरी शोधत होता. मी विचारलं, "काय हरवलंय?"

"शर्टाचं बटण."

"आणि नाही मिळालं तर?"

"तुम्ही पाय उचललात तर मिळेल."

मी पाय उचलला. बटण खालीच! त्याने मान वर करून पाहिलं, हसला... आणि मला उगाचच ठसका लागला.

पंधरा मिनिटांनी हाच माणूस माझ्या टेबलावर येऊन बसला. मी पत्त्यांच्या क्लबात डीलर आहे. पोकरच्या स्पर्धेत पत्ते वाटायचे, टाकलेले गोळा करायचे आणि तोंड बंद ठेवायचं. पहिली दोन कामं मला झकास जमतात. तिसऱ्यापायी दोन तक्रारी झाल्या होत्या. अजून एक झाली की बिल्ला काढून घरी, असं आम्हा डीलरांवर देखरेख करणाऱ्या हेडबाईंनी बजावलं होतं. खेळाडूंशी सलगी तर मुळीच नाही.

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. प्रत्येक डावाला इतका विचार करायचा की टेबलाने तासाभरात त्याचं नाव कासव ठेवलं.

"पत्त्यांवर हात ठेवा, साहेब," मी नेहमीचं सांगितलं. "मोकळे दिसले तर टाकले असं समजून मी उचलते."

त्याने हात नाही ठेवला. खिशातून ते बटण काढलं आणि पत्त्यांवर ठेवलं! पत्ते टाकायचे झाले की आधी बटण उचलायचा, मग पत्ते पुढे सरकवायचा. दुपारभर हेच चाललं. माझ्या हातांना सवयच लागली... बटण आहे, पत्ते राहू द्या. बटण नाही, उचला.

चहाच्या सुट्टीत मला राहवेना. छातीवरचं बटण नाही म्हणून शर्ट सारखा आ वासत होता. मी पर्समधून सुई-दोरा काढला.

"हलू नका, टोचेल."

"श्वास घेतला तर चालेल?"

"थोडाच."

"खेळाडूंशी सलगी बंद आहे ना तुम्हाला?"

"ही सलगी नाही, दुरुस्ती आहे," मी म्हटलं. पण माझे कान तापले होते. दोरा दातांनी तोडताना त्याच्या शर्टाला साबणाचा वास आला, आणि मी बोलत सुटले. दोन तक्रारींचं, बिल्ल्याचं, सगळं सांगून टाकलं.

"मला बारा नंबरात यायचंय," तो म्हणाला. "बक्षीस बाराजणांना मिळतं. मी दोनदा तेरावा आलोय. दोन्ही वेळा हातातोंडाशी आलेला घास गेला. या वेळी बारावा आलो तरी पुरे."

संध्याकाळी पाचला तेराजण उरले. दोन टेबलं, आमचं आणि शेजारचं, जिथे एक मुख्याध्यापिकाबाई खेळत होत्या. आणि कोणी एक रिकाम्या हाताने जाणार. कासवापुढे चिप्स, म्हणजे डाव लावायच्या चकत्या, जेमतेम एका मुठीत मावतील एवढ्याच होत्या. दर फेरीला सक्तीने लावायच्या चिप्स वाढत होत्या. फार तर दोन फेऱ्या, मग खेळ खलास.

मी पत्ते वाटले. ढीगभर चिप्सवाल्या बिल्डरने सगळ्याच्या सगळ्या पुढे ढकलल्या. "बघा कासवराव, आहे का हिंमत?"

कासवाने पत्ते पाहिले. एक मिनिट. दोन. चार! चहानंतर तो पत्त्यांवर हात ठेवायचा, पण आता एक हात नुसता पत्त्यांजवळ, दुसरा छातीवरच्या बटणाशी चाळा करत होता. माझ्या बटणाशी! माझी नजर तिथेच अडकली... आणि हाताने सवयीने पत्ते ओढून ढिगात टाकले.

बटण शर्टावर होतं. मीच शिवलेलं.

बिल्डर ओरडला, "अहो, त्याने टाकले कुठे? हिनेच उचलले!" आणि वर स्वतःचे पत्ते उलटून दाखवले. सत्ती आणि दुर्री! नुसती हूल!

हेडबाई धावत आल्या. "साहेब, पत्ते तुम्ही टाकलेत की हिने उचलले?"

कासवाने माझ्याकडे पाहिलं. "मीच टाकले."

"कटकट नको, पत्त्यांचा जोड बदला," म्हणून हेडबाई वळल्या. जुने पत्ते मोजायला मी सुलटे पसरले. कडेलाच, शेवटी ओढलेले दोन पत्ते एकमेकांना चिकटून होते. राजा. आणि राजा.

दोन राजे! सत्ती-दुर्रीपुढे! चिप्स दुप्पट झाल्या असत्या त्याच्या. आणि हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला?

पुढच्याच डावात शेजारच्या टेबलावरच्या मुख्याध्यापिकाबाई तेराव्या होऊन बाद झाल्या. कासव बारात आला आणि लगेच बारावा होऊन उठला. मला मात्र गप्प बसवेना. बदली डीलर येताच मी हेडबाईंपुढे उभी राहिले. "पत्ते मी उचलले होते. ते मला वाचवायला खोटं बोलले."

हेडबाईंनी हात पुढे केला. "बिल्ला ठेव. उद्या सकाळी टेबलावरच्या कॅमेऱ्यात बघते, मग ठरवू."

जिन्यात तो माझी वाट पाहत उभा होता. मी सांगितलं आणि त्याचा चेहराच पडला.

"अहो, पण मी खरंच टाकत होतो!"

"काय?"

"दोन बोटांनी पुढे सरकवत होतो. तेवढ्यात तुम्ही उचललेत. कॅमेऱ्यात दिसेलच."

"दोन राजे?" मी किंचाळलेच. नोकरी, बिल्ला, सगळं विसरले. "दोन राजे टाकत होता तुम्ही?"

"त्या मुख्याध्यापिकाबाईंकडे माझ्याहून कमी चिप्स होत्या. थांबलो की बारावा, हे नक्की होतं. हरलो असतो तर पुन्हा तेरावा..."

मी कपाळावर हात मारला. ह्या भित्र्यासाठी मी बिल्ला काढून दिला! आणि तरीही मला तो आवडत होता. हा त्याहून मोठा धक्का.

तो दोन पायऱ्या खाली उतरला. थांबला. परत वर आला.

"म्हणजे उद्या सकाळी तुम्हाला बिल्ला परत मिळणार," तो हळूच म्हणाला. "मग पुन्हा तुम्ही डीलर, मी खेळाडू. सलगी बंद."

"हो."

"म्हणजे माझ्याकडे फक्त आजची संध्याकाळ आहे. थांबून भागणार नाही." त्याने क्लबच्या दाराकडे बोट दाखवलं. "मी आत जाऊन सभासदांच्या वहीतून नाव काढून येतो. आता... आता या क्षणी. दोन राजे टाकणाऱ्याने खेळू नये हेच बरं. पण तू... तू मला आवडतेस. सकाळी पाय उचललास ना, तेव्हापासून. हे मात्र मी टाकणार नाही."

डावाला चार मिनिटं घेणारा माणूस, आणि एका दमात एवढं?

"जा," मी म्हटलं. "नाव काढून ये. मी इथेच उभी आहे."

"विचार नको करायला तुला?"

"मी कासव नाहीये," मी म्हटलं, आणि त्याच्या शर्टावरच्या बटणावर हात ठेवला.